अकरा जणांचा फाशांचा फुटबॉल फुटसालवर आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी तयार केलेला फाशांचा फुटबॉल आहे. सामना १८ पाळ्यांचा, पाळी पाच मिनिटांची. पाळीत आधी चेंडू कोणाकडे ते ठरतं, मग तो संघ दोन फासे टाकतो. बेरीज ८ किंवा जास्त आली तर गोलची संधी, आणि संधीवर एक फासा टाकून ५ किंवा ६ आला तर गोल. हाच खेळ आता फुटसालच्या, म्हणजे पाच-पाच जणांच्या इनडोअर फुटबॉलच्या, नियमांवर आणायचा आहे. पहिला प्रयत्न म्हणून पाळ्या ४० केल्या, मिनिटाला एक, आणि तक्ते होते तसेच ठेवले. गोल वाढले, पण खेळताना फुटसाल वाटतच नाही. कुठे चुकतंय?

गणितात काहीच चुकलेलं नाही, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. दोन फाशांवर ८ किंवा जास्त येण्याच्या ३६ पैकी १५ शक्यता, त्यावर एका फाशाची एक तृतीयांश. म्हणजे दर पाळीला ३६ पैकी ५, साधारण १४ टक्के. अठरा पाळ्यांत अडीच गोल होतात. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, सामन्याला २.६९, तेव्हा मूळ खेळ तुम्ही चांगला बांधला आहे. त्याच तक्त्यावर चाळीस पाळ्या खेळलात की साडेपाच गोल होतात, आणि मोठ्या स्पर्धांमधल्या फुटसालला तो आकडा शोभतो. म्हणजे गुणफलक जुळला, खेळ जुळला नाही.

अशी रूपांतरं मी बरीच वर्षं करतो आहे आणि सुरुवातीला दर वेळी हीच चूक करायचो: नवे नियम वाचायचे आणि प्रत्येक नियमासाठी तक्त्यात एक आकडा हलवायचा. आता उलटं करतो. नियमपुस्तक बंद करतो आणि विचारतो, या खेळात खेळाडूला कुठे घाम फुटतो? अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये गोल दुर्मीळ असतो, म्हणून एक चूक नव्वद मिनिटं छळते. फुटसालमध्ये गोल त्या मानाने स्वस्त. तिथे घाम फुटतो तो तीन ठिकाणी: फाउल मोजले जातात तेव्हा, चेंडू हातचा जाऊन क्षणात आपल्याच गोलसमोर येतो तेव्हा, आणि शेवटच्या मिनिटांत गोलरक्षक काढून पाचवा खेळाडू पुढे पाठवायचा की नाही हे ठरवावं लागतं तेव्हा. ही तीन ठिकाणं टेबलावर आली की बाकीचे नियम अर्धेमुर्धे आले तरी चालतं.

आधी घड्याळ. फुटसालचा सामना वीस-वीस मिनिटांचा, पण चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबतं. मिनिटाला एक पाळी धरलीत, ती मी दोन मिनिटांची करेन आणि प्रत्येक पाळीत दोन्ही संघांना एकेक हल्ला देईन. म्हणजे अर्ध्या डावात दहा पाळ्या, पूर्ण सामन्यात वीस, आणि हल्ले चाळीसच. चेंडू कोणाकडे हे ठरवणारी फेक काढून टाका. फुटसालमध्ये चेंडूचा ताबा इतक्या झटपट बदलतो की त्यासाठी वेगळी फेक म्हणजे नुसता वेळकाढूपणा. हल्ला आधी कोण करणार एवढं आलटून-पालटून ठरवा. दोन मिनिटांच्या पाळीचा एक छुपा फायदा आहे, लाल कार्डापाशी तो कळेल.

आता हल्ल्याचा तक्ता. मी वापरतो तो असा, दोन फाशांची बेरीज:

२ ते ४: चेंडू गेला, समोरच्याचा प्रतिहल्ला
५ किंवा ६: काही नाही
७: बचाव करणाऱ्याचा फाउल
८ ते १२: गोलची संधी

संधी तुमच्या मूळ खेळातलीच राहू द्या, ५ किंवा ६ वर गोल. प्रतिहल्ल्यात पुन्हा दोन फासे, १० किंवा जास्त आले तर गोल. फाउलवर फ्री किक: एक फासा, ६ आला तरच गोल, कारण समोर बचाव करणाऱ्यांची भिंत असते.

तुमच्या जुन्या तक्त्यात ऑफसाइडची ओळ असेल तर ती नुसती खोडू नका. फुटसालमध्ये ऑफसाइड नाही, पण ती ओळ समजा बेरीज ५ वर असेल तर ३६ पैकी ४ शक्यता तिने अडवलेल्या असतात, अकरा टक्के. त्या कुठेतरी जाणारच. बरेच जण त्या 'संधी'त ढकलतात आणि मग गोल का फुगले म्हणून डोकं खाजवत बसतात. मी त्या 'काही नाही'मध्ये टाकल्या. तिथेच बाजूच्या रेषेवरची किक-इन आली, चार सेकंदांत चेंडू परत खेळात आणायचा नियम मोडल्याने गेलेला चेंडू आला, गोलरक्षकाने हाताने टाकलेला चेंडू आला. या प्रत्येकाचा वेगळा नियम करण्याचा मोह आवरा. चार सेकंद फाशांनी मोजता येत नाहीत. कॉर्नरवर हेडर मारणाऱ्याला तुम्ही जादा गुण देत असाल तर तेही काढा. फुटसालचा चेंडू दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला ५० ते ६५ सेंटीमीटरच उसळायला हवा असा नियमच आहे. खेळ जमिनीवरच चालतो.

आता फाउल, कारण खरा खेळ इथे आहे.

फुटसालमध्ये ज्या फाउलवर थेट फ्री किक मिळते ते संघाच्या खात्यावर जमा होतात. अर्ध्या डावात पहिल्या पाचांपर्यंत भिंत उभी करता येते. सहाव्यापासून पुढच्या प्रत्येक फाउलला भिंत नाही: गोलपासून दहा मीटरवरच्या खुणेवरून, किंवा फाउल त्याहून जवळ झाला असेल तर तिथूनच, किक मारणारा आणि गोलरक्षक समोरासमोर. मध्यंतरानंतर खातं पुन्हा शून्यावर.

टेबलावर यासाठी प्रत्येक संघासमोर एक वेगळ्या रंगाचा फासा ठेवा, टाकायचा नाही, नुसता फिरवायचा. पहिल्या फाउलला १ वर, दुसऱ्याला २ वर. तो ६ वर आला की भिंत संपली. साध्या फाशाला बरोबर सहाच बाजू असतात, यासाठी वहीत रेघोट्या ओढत बसायची गरज नाही. दहा मीटरच्या किकला ४, ५, ६ वर गोल द्या, म्हणजे निम्मे.

पण एवढ्याने काहीच होणार नाही. अर्ध्या डावात समोरच्याचे दहा हल्ले, प्रत्येकात ७ येण्याची शक्यता एक षष्ठांश. म्हणजे संघाच्या खात्यावर सरासरी दीड-पावणेदोन फाउल. सहावा कधी येणारच नाही, आणि तो फिरवायचा फासा शोभेपुरता उरेल. ७ ची ओळ ६ ते ७ अशी रुंद केली तर फाउल वाढतात खरे, पण ते नशिबाने वाढतात. हे मी करून पाहिलं आहे. खेळाडू फासा ५ वर चढताना पाहतो आणि नुसता हताश होतो, त्याच्या हातात काही नसतं.

म्हणून फाउल ही खर्च करायची वस्तू करा. नियम असा: समोरच्याला संधी मिळाली, पण त्याने अजून शॉटचा फासा टाकलेला नाही, अशा क्षणी बचाव करणारा 'पाडतो' म्हणू शकतो. संधी रद्द, फाउल खात्यावर, फ्री किक. किंमत बघा. संधी म्हणजे एक तृतीयांश गोल, भिंतीसमोरची फ्री किक म्हणजे एक षष्ठांश. तुम्ही गोलचा धोका निम्मा केलात आणि बदल्यात पाचातला एक फाउल खर्चलात. सहाव्याला मात्र एक तृतीयांश टाळायला तुम्ही एक द्वितीयांश देता, म्हणजे उघड तोटा. आणि खातं भरल्यावर तुमच्या मर्जीशिवाय आलेला प्रत्येक ७ सुद्धा दहा मीटरवरच जातो.

आता हातचं राखून खेळणं सुरू होतं. अर्ध्या डावात दोनदा 'पाडतो' म्हटलंत तर सहावा फाउल होण्याची शक्यता ढोबळमानाने सात टक्के. तीनदा म्हटलंत तर बावीस. चारदा म्हटलंत तर बावन्न. तीन आणि चार यांच्यातली ती उडी बघा; माझ्या मते सगळा खेळ त्या उडीवर उभा आहे. तिसऱ्या पाळीलाच दोन खर्चून बसलेला खेळाडू आठव्या पाळीत संधी समोर येताच आपल्या फाशाकडे बघतो, मग समोरच्याकडे, आणि गप्प बसतो. माझ्यासाठी फुटसाल तिथे सुरू होतं.

गोलांचं गणितही यातच सुटतं. कोणीच मुद्दाम पाडलं नाही तर या तक्त्यावर सामन्याला सरासरी ७.८ गोल होतात. दोघांनी अर्ध्या डावात तीन-तीनदा पाडलं तर सहाच्या आसपास. गोल किती व्हावेत हे बऱ्याच अंशी टेबलावरच्या माणसांवर सोडलंय, आणि ते मला आवडतं. खऱ्या खेळातही तसंच असतं. २०१६ चा फुटसाल विश्वचषकाचा अंतिम सामना अर्जेंटिनाने रशियाविरुद्ध ५-४ असा जिंकला, तर २०२१ मध्ये पोर्तुगालने अर्जेंटिनाला आणि २०२४ मध्ये ब्राझीलने अर्जेंटिनालाच २-१ असं हरवलं. तुमच्या टेबलावर ५-४ आणि २-१ दोन्ही सहज दिसायला हवेत. नुसते ५-४ दिसत असतील तर बचावाच्या बाजूने निर्णय कमी पडताहेत.

मुद्दाम पाडण्याला थोडा धाक हवाच. 'पाडतो' म्हटल्यावर एक फासा टाका. १ आला तर पिवळं कार्ड, त्याच संघाला सामन्यात दुसऱ्यांदा १ आला की लाल. नियमाप्रमाणे दुसरं पिवळं एकाच खेळाडूला दाखवलेलं असावं लागतं, पण गोलरक्षक सोडून मैदानात असतातच चौघे, त्यामुळे एवढी सवलत मी बिनधास्त घेतो. लाल कार्डाचा फुटसालमधला नियम वेगळा आहे: बाहेर गेलेला परत येत नाही, पण संघ दोन मिनिटं कमी माणसांनी खेळल्यावर बदली खेळाडू आत घेऊ शकतो, आणि जास्त माणसांच्या संघाने त्याआधी गोल केला तर लगेच घेऊ शकतो. दोन मिनिटं म्हणजे आपली एक पाळी. कार्ड मिळाल्यानंतरची पूर्ण एक पाळी त्या संघाच्या हल्ल्याला वजा १, समोरच्याला अधिक १, समोरच्याने गोल केला की दोन्ही संपलं. हिशेबाची वही लागत नाही. मिनिटाची पाळी केली असती तर हेच दोन पाळ्या लक्षात ठेवावं लागलं असतं, आणि ते कोणीतरी हमखास विसरतं.

तिसरी गोष्ट, गोलरक्षक काढून पाचवा खेळाडू पुढे पाठवणं. यात मी चांगलाच तोंडघशी पडलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं: पाळीच्या सुरुवातीला जाहीर करा, तुमच्या हल्ल्याच्या बेरजेत १ मिळवा; चेंडू गेला तर गोल रिकामा, त्यामुळे समोरच्याचा प्रतिहल्ला १० ऐवजी ७ वरच गोल. वाचायला झकास. माझ्यासोबत चाचणी खेळणाऱ्या एकाने तो पहिल्याच पाळीत जाहीर केला. दुसऱ्या पाळीतही. मी हसलो, म्हटलं बुडशील. तो ७-३ ने जिंकला. पुढचे दोन सामनेही त्यानेच जिंकले, तेव्हा मी कागद घेऊन बसलो. नेहमीच्या शंभर हल्ल्यांत सरासरी १७ गोल होतात आणि प्रतिहल्ल्यात ३ आपल्यावर बसतात. माझ्या नियमाने शंभरात २२ गोल होत होते आणि बसत होते फक्त ५. कारण बेरजेत १ मिळवल्यामुळे चेंडू जाण्याची शक्यताच ३६ पैकी ६ वरून ३ वर आली होती. धोका वाढवायला म्हणून लिहिलेल्या नियमाने चेंडू जाण्याचा धोकाच निम्म्यावर आणून ठेवला होता! बेरजेत काही मिळवलं की सगळा तक्ता सरकतो, चांगल्या टोकाला आणि वाईट टोकाला एकदमच. हे माहीत असूनही माणूस विसरतो.

दुरुस्ती म्हणून या पाळीसाठी वेगळा छोटा तक्ताच केला. २ ते ५ आले तर चेंडू गेला आणि समोर रिकामा गोल. ६ वर फाउल. ७ आणि पुढे संधी. आता शंभर हल्ल्यांत २२ गोल होतात, पण १६ बसतात. बरोबरीत किंवा पुढे असताना हे कोणी शहाणा करणार नाही. एका गोलने मागे आणि तीन पाळ्या उरलेल्या असताना मात्र चित्र वेगळं: नेहमीच्या तीन हल्ल्यांत निदान एक गोल होण्याची शक्यता ४२ टक्के, गोलरक्षक काढून ५२. त्या दहा टक्क्यांसाठी दुसरा गोल अंगावर घ्यायचा का, हा निर्णय खरा प्रशिक्षकही घेतो. समोरच्याचा त्या पाळीतला स्वतःचा हल्ला नेहमीच्या तक्त्यावरच होऊ द्या. बचावाच्या वेळी गोलरक्षक परत आलेला असतो असं धरायचं. आणि रिकाम्या गोलकडे निघालेल्याला पाडता येईल, पण मग फासा न टाकता थेट लाल.

खेळाडूंचे गुण हा विषय तुम्ही विचारला नाहीत, पण तिथेच पुढची अडचण येणार आहे. जुन्या खेळात अकरा जणांचे गुण मिळून एखाद्या संघाला अधिक २ मिळत असेल तर ते इथे आणू नका. ८ वर संधी असताना अधिक १ ने ती ४२ वरून ५८ टक्क्यांवर जाते, अधिक २ ने ७२ वर. शिवाय हल्ले आता दुपटीपेक्षा जास्त आहेत, आणि जितक्या फेका जास्त तितकं नशीब कमी चालतं. नुसत्या अधिक १ नेच संघाचे संधींतून होणारे गोल २.८ वरून ३.९ वर जातात. म्हणून कमाल अधिक १, तेही कायमचं नाही. मी ते चौकडीला जोडतो. फुटसालमध्ये खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात आणि संघ चौघांची अख्खी फळी एकदम बदलतात. तुमच्या दोन चौकड्या ठेवा, एक अधिक १ वाली आणि एक साधी. चांगली चौकडी सलग तीन पाळ्यांपेक्षा जास्त खेळली की तिचा अधिक १ जातो, आणि निदान एक पाळी बाहेर बसल्याशिवाय परत येत नाही. टाइमआउट प्रत्येक संघाला अर्ध्या डावात एकच, आणि पहिल्यातला उरला तरी दुसऱ्यात मिळत नाही. तो घेतला की दमलेली चौकडी न बदलता आणखी एक पाळी ताजी. टाइमआउटच्या बदल्यात फासे पुन्हा टाकायला देणारे खेळ मी पाहिले आहेत, मला ते पटत नाही. प्रशिक्षक एका मिनिटात माणसं हलवतो, घडलेलं पुसून टाकत नाही.

चाचणीबद्दल एवढंच: दोन-तीन सामने खेळून तक्त्याला हात लावू नका. सरासरी सहाच्या आसपास गोल होणाऱ्या खेळात दहा सामन्यांची सरासरीसुद्धा सहज पाऊण गोलने इकडेतिकडे होते. पहिल्या तीन सामन्यांत दहा-दहा गोल पडले म्हणून घाबरून शॉटचा आकडा बदललात तर चौथ्यापासून सगळं कोरडं पडेल आणि पुन्हा उलटं फिरावं लागेल. एकट्याने बसून वीसेक सामने टाका, दोन्ही बाजूंनी स्वतःच. गोलांखेरीज दोन गोष्टी लिहून ठेवा: किती अर्ध्या डावांत कोणाचा तरी फाउलचा फासा ६ वर गेला, आणि गोलरक्षक कितीदा, कोणत्या पाळीत काढला. फासा चार अर्ध्या डावांत एकदाही ६ वर जात नसेल तर खेळाडू घाबरट आहेत किंवा पिवळ्या कार्डाचा धाक जास्त झालाय. दर अर्ध्या डावात जात असेल तर दहा मीटरची किक स्वस्त आहे, ती ३ वरही गोल देऊन पाहा.

शेवटच्या पाळीतली एक पळवाट आधीच बुजवा. खात्यावर पाच फाउल, दहावी पाळी, समोरच्याला संधी. खेळाडू म्हणतो, पाडतो, वेळ तर संपलीच आहे. फुटसालमध्ये सहाव्या फाउलची किक मारायला वेळ वाढवून देतात, पेनल्टीला देतात तशीच. तेव्हा घड्याळ संपलं तरी फासा टाकला जाईल हे पत्रिकेवर ठळक लिहून ठेवा, नाहीतर पहिल्याच चुरशीच्या सामन्यात त्यावरून भांडण होईल.